नऊ इंची एक्झॉस्ट

भिसे खिंडीच्या चढावर मला एका कोंबड्यांच्या टेम्पोनं मागे टाकलं, आणि तिथून हे सगळं सुरू झालं. मागे टाकण्याबद्दल माझी तक्रार नाही. रस्ता सरकारचा आहे, आणि कोंबड्यांनाही कुठेतरी वेळेवर पोचायचं असेल. पण माझी गाडी लाल आहे. तिच्या पाठीवर ती दोन इंग्रजी अक्षरं आहेत, जी कंपनी फक्त पळणाऱ्या गाड्यांवर लावते. आमच्या धाटावच्या कारखान्यातले एक साहेब बदलून गुजरातला गेले, तेव्हा मी ती त्यांच्याकडून घेतली. किल्ली हातात देताना ते म्हणाले होते, "टिपणीस, जपून. ही गाडी नाही, जनावर आहे." ते जनावर तिसऱ्या गिअरमध्ये धापा टाकत होतं आणि टेम्पोच्या जाळीतून एक कोंबडी मान वाकडी करून माझ्याकडे बघत होती. खिंड संपेपर्यंत तिनं नजर काढली नाही.

मी रंगांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत आहे. नमुना घ्यायचा, तपासायचा, आकडा लिहायचा, खाली सही करायची. सत्तावीस वर्षं हेच केल्यामुळे माझा माणसांपेक्षा आकड्यांवर जास्त विश्वास बसला आहे. गाडीच्या पुस्तकात एकशे तीन अश्वशक्ती असं स्वच्छ छापलं होतं. एकशे तीन घोडे जुंपलेले असताना कोंबड्या पुढे कशा जातात, हे मला कळेना. म्हणून मी हैबतरावांना विचारलं.

हैबतराव रोह्याजवळ वरशाच्या आमच्या सोसायटीत तळमजल्याला राहतात. एसटीच्या डेपोत तीस वर्षं मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यापासून सोसायटीतली प्रत्येक गाडी सकाळी निघताना ते गॅलरीत बसून ऐकतात आणि संध्याकाळी मालकाला गाठून रोग सांगतात. माझी वाट ते बरेच दिवस पाहत असावेत.

"गाडीत दोष नाय," ते म्हणाले. "गाडीला श्वास सोडता येत नाय. घोडे हायत, पन कोंडलेत. पुढनं हवा घेतली तर मागनं निघाया नको? तुमचा एक्झॉस्ट बारीक हाय."

"मग काय करायचं?"

"मोठा बसवायचा. फ्री फ्लो. पेणला आमचा जगन हाय, त्याच्याकडं जावा. माझं नाव सांगा."

ज्याला आपण जन्मभर सायलेन्सर म्हणत आलो त्याला जाणकार लोक एक्झॉस्ट म्हणतात, हे मला त्या दिवशी समजलं. मुंज झालेला पोरगा जसा सदऱ्यातून जानवं बाहेर काढून हिंडतो, तसा मी तो शब्द घेऊन हिंडू लागलो. सायलेन्सर हा शब्द पुन्हा तोंडातून काढला नाही. काढला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं आता वाटतं.

जगनला मी त्याच संध्याकाळी फोन केला आणि पहिला प्रश्न शास्त्रीय विचारला. "घोडे किती वाढतील?"

"बारा-पंधरा कुठं नाय गेले."

"मोजून सांगताय?"

"मोजायचं काय त्यात, साहेब? बुडाला कळतं."

बूड हे मापनयंत्र म्हणून आमच्या प्रयोगशाळेत मान्य नाही. तेव्हा मी छापील पुरावा मागितला. त्यानं मोबाईलवर जाहिरातीचा कागद पाठवला. त्यावर ज्वाळा होत्या आणि 'पंधरा टक्क्यांपर्यंत वाढ' असं लिहिलं होतं. 'पर्यंत' हा फार लबाड शब्द आहे. शून्यसुद्धा पंधरापर्यंतच्या आतच येतं. आमच्याकडे एखाद्या पोरानं शुद्धतेच्या रकान्यात 'पर्यंत' लिहिलं असतं तर मी त्याला उभा केला असता. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे ती कोंबडी होती. मी एकशे तीनात पंधरा टक्के मिळवले, एकशे अठरा पूर्णांक पंचेचाळीस शतांश आले, आणि ते पंचेचाळीस शतांश पाहून माझी खात्री पटली. खोटं बोलणारा माणूस दशांशाच्या पुढे जात नाही.

फोन ठेवला तर वृंदा, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी होती.

"एक्झॉस्टचं काय म्हणत होतात?"

"बसवून घ्यावा म्हणतोय. मोठा."

"खरंच?"

"अगं, किती दिवस काढायचे असे? कोंडमारा होतो नुसता."

ती खुर्चीवर येऊन बसली. आमच्या लग्नाला तेवीस वर्षं झाली, पण माझ्या गाडीविषयी बोलायला ती कधी खुर्चीवर बसली नव्हती. "किती इंची घेताय?" तिनं विचारलं.

मी चाट पडलो. "अडीच."

"काहीतरीच. शकूताईंकडे नऊ इंची आहे."

शकूताई आमच्या शेजारच्या दारात राहतात. त्यांच्या घरी वाहन म्हणजे यजमानांची एक जुनी स्कूटर. त्या स्कूटरला नऊ इंची नळकांडं कुठे असेल ते मी मनातल्या मनात लावून पाहिलं, कुठेच बसेना. "मग आवाज केवढा होत असेल," मी म्हणालो.

"छे हो. मी रोज ऐकते ना. अगदी मंद घूं होतं, बाकी काही नाही. आणि धूर कुठल्या बाजूनं काढणार?"

"ते तोंड कुठे असेल त्यावर आहे."

"मग तोंड पूर्वेला ठेवू. मागे बाबाजी मास्तरांची खिडकी आहे."

हा वास्तुशास्त्राचा भाग असावा असं समजून मी मान डोलावली. वृंदा उठली, आत जायला निघाली आणि दारात थांबली. "बारा वर्षं सांगत होते," ती म्हणाली. "तुम्ही मनावर घ्याल असं वाटलं नव्हतं मला." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आमच्याकडे ते नवीन नाही. आम्ही मासे खाणारी माणसं. बोंबील तळायला घेतले की वृंदाच्या डोळ्यांना धार लागते, खोकल्याची उबळ येते, आणि मी बाहेरच्या खोलीतून "पाणी पी, पाणी पी" असं ओरडतो. पण त्या दिवशी घरात साधं वरण-भात होतं. बारा वर्षं ही बाई माझ्या गाडीच्या घोड्यांसाठी झुरत होती आणि मला पत्ताच नव्हता, या विचारानं मी लगेच जगनला पुन्हा फोन करून पार्ट मागवायला सांगितला. गाडी घेऊन तर दीडच वर्षं झालं होतं, हे त्या वेळी ध्यानात आलं नाही.

पुढचे तीन आठवडे मी गोंधळात आणि आनंदात काढले. पार्ट मुंबईहून यायचा होता. तोपर्यंत वृंदा दुपारचा चहा न मागता देत होती, काम करता करता काहीतरी गुणगुणत होती, आणि शेजारपाजारची माणसं माझ्याशी एक्झॉस्टवर बोलत होती. शकूताई एकदा जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "सुटा होणारा घ्या हो, भावोजी. मी आमचा महिन्यातून एकदा उतरवते आणि सोड्याच्या पाण्यात रात्रभर भिजत घालते. काय तेल निघतं म्हणून सांगू." मी त्यांच्याकडे आदरानं पाहिलं. त्यांचे यजमान रोज सकाळी स्कूटरला पंधरा लाथा का मारतात, याचा मात्र उलगडा झाला.

सगळ्यांत मोठा धक्का सोसायटीनं दिला. आमचे सेक्रेटरी बाबाजी मास्तर हे निवृत्त शिक्षक. खिडकीला चिमणीचं घरटं लावायचं असलं तरी ते अर्ज मागतात आणि अर्जातल्या ऱ्हस्व-दीर्घाला तांबड्या शाईनं गोल करून परत देतात. ते एका रविवारी स्वतः वर आले, माझ्या हातात लिफाफा ठेवला आणि म्हणाले, "एक्झॉस्टसंबंधी ना-हरकत आहे. वहिनींचा अर्ज आला होता. शुद्धलेखन उत्तम. कमिटीनं एकमतानं ठराव केला."

"पण मास्तर, यासाठी सोसायटीची परवानगी लागते?"

"अर्थात. धूर सगळ्यांचा असतो."

माझ्या एका गाडीसाठी एवढी मोठी संस्था एकमतानं उभी राहते, याचं मला भरून आलं. त्या भरात लिफाफा उघडून पाहायचं राहिलं. हैबतरावांनी मला सांगितलंच होतं की आवाज वाढला तर वडखळच्या नाक्यावर पोलीस धरतात, तेव्हा बसवण्याआधी पेणला परिवहन कार्यालयात विचारून कागद करून घ्या. त्यासाठी मी एक फाईल केली होती. नोंदणीचं पुस्तक, विमा, प्रदूषणाचा दाखला, जगनची ज्वाळांची जाहिरात, आणि सगळ्यात वर सोसायटीचा लिफाफा.

पार्ट आला. शुक्रवारी सकाळी मी निघालो तेव्हा वृंदानं विचारलं, "आज नक्की बसणार?"

"नक्की. जगनला वेळ दिलाय."

"मग मी इकडे सगळी तयारी करून ठेवते," ती म्हणाली. तयारी म्हणजे हळदकुंकू, नारळ आणि चाकाखाली लिंबू, असं माझ्या डोळ्यांसमोर आलं.

पेणला गाडी जगनच्या स्वाधीन केली आणि रिक्षानं परिवहन कार्यालयात गेलो. तिथे टेबलामागे एक बाई होत्या. चष्मा, केसांत अबोलीचा छोटा गजरा, आणि समोर माझ्यासारख्यांची रांग. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शांतपणेच सांगितलं, की गाडीची मूळ रचना कंपनीच्या मंजुरीशिवाय बदलता येत नाही, आणि आवाज वाढवणारा सायलेन्सर तर मुळीच चालत नाही.

"एक्झॉस्ट," मी दुरुस्ती केली.

"तेच ते."

"पण मॅडम, माझ्याकडे ना-हरकत आहे." मी लिफाफा पुढे केला. त्यांनी तो उघडला, वाचला, चष्मा वर केला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला, या वेळी मोठ्यानं. मागची रांग पुढे सरकली.

"'सौ. वृंदा टिपणीस यांच्या अर्जास अनुसरून, त्यांच्या सदनिकेतील स्वयंपाकघराच्या पूर्वेकडील भिंतीस नऊ इंच व्यासाचे भोक पाडून एक्झॉस्ट पंखा बसविण्यास संस्थेची हरकत नाही. मात्र तळणीचे तेल खालच्या सदनिकेच्या कपड्यांवर ठिबकणार नाही याची दक्षता घ्यावी.'" त्यांनी कागद खाली ठेवला. "हे गाडीत कुठे येतं?"

रांगेत कुणीतरी खोकलं. मी आधी म्हणालो की टायपिंगची चूक असेल. मग म्हणालो की मास्तरांचं वय झालं आहे. आणि मग तिथेच, त्या टेबलाला धरून उभा असताना, एकेक गोष्ट माझ्या डोक्यात उलगडत गेली. नऊ इंची. मंद घूं. सोड्याचं पाणी. पूर्वेला तोंड. आणि बारा वर्षं. दर दिवाळीला ती म्हणायची, स्वयंपाकघरात एक एक्झॉस्ट बसवू या का, आणि मी म्हणायचो, कुठे भिंत फोडत बसायचं, पुढच्या दिवाळीला बघू. बारा दिवाळ्या झाल्या होत्या. मला इतकी लाज वाटली की उभं राहवेना, आणि बसायला खुर्ची नव्हती.

"किती वर्षं मागत होत्या?" बाईंनी विचारलं. माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असावं.

"बारा."

"मग नऊ इंचीच घ्या," त्या म्हणाल्या आणि कागद घडी करून परत दिला. "आमच्याकडे आहे. चांगला ओढतो. पुढचे कोण?"

मी व्हरांड्यात येऊन घरी फोन लावला. पलीकडून आधी ठोकल्याचे आवाज आले, मग वृंदा. "मिळाला का हो?" तिनं विचारलं.

"वृंदा, ते काय ठोकतंय?"

"जनू गवंडी आलाय ना. अगदी गोल पाडलंय भोक, ताटली ठेवून आखलं मी. शकूताईपण आल्यात. तुम्ही सावकाश या, घाई नका करू. आणि त्या जगनला मी सगळं नीट समजावून सांगितलंय."

"तू? जगनला?"

"परवा तुम्ही रात्रपाळी करून झोपला होतात तेव्हा तुमच्या मोबाईलवर त्याचाच फोन आला होता. त्यात त्याचं नाव 'एक्झॉस्ट' असंच लिहिलंय तुम्ही. म्हटलं, आपणच सांगितलेलं बरं, तुमच्या लक्षात राहायचं नाही."

मी तोंड उघडलं होतं. पण तिचा आवाज इतका हलका, इतका लग्नाआधीचा होता, की माझ्याच्यानं बोलवेना. "बरं," एवढंच म्हणालो.

जगनला थांबवायला मी रिक्षा पळवली. गॅरेजमध्ये पोचलो तर गाडी जॅकवरून खाली उतरली होती आणि जगन लांब उभा राहून, जोहे गावचा एखादा गणपतीचा कारागीर डोळे आखून झालेल्या मूर्तीकडे बघतो तसा तिच्याकडे बघत होता. मीही बघितलं. गाडीच्या मागच्या बाजूला, जिथे अडीच इंची तोंड असायला हवं, तिथे पत्र्याचा एक प्रचंड कर्णा बसवला होता. कर्ण्याच्या तोंडाला बारीक जाळी होती. जाळीखाली दोन स्क्रूंनी स्टीलची एक आमटीची वाटी टांगली होती.

"हे काय आहे, जगन?"

"मॅडमनी सांगितलं तसंच केलंय, साहेब. नऊ इंची पायजे म्हनाल्या. म्या म्हनलो, मॅडम, पाइप अडीचचाच येतो. त्या म्हनाल्या, ते मला सांगू नका, शेजारी नऊचा हाय. मंग पत्रेवाल्याकडनं तोंड करून घेतलं."

"आणि जाळी?"

"चिमण्या शिरतात म्हनाल्या."

"वाटी?"

"तेल ठिबकतं म्हनाल्या. आता इंजन तेल खातंय ते तुमी मला बोलला नव्हता, पन बाईमानसाच्या ध्यानात आलं." त्यानं आवाज खाली आणला. "आनि आवाज अजिबात नको म्हनाल्या, दोन-दोनदा. फ्री फ्लो म्हनल्यावर आवाज येनारच, म्हनून मंग आत काचेची लोकर ठासून भरली. दोन किलो बसली. आता बगा."

त्यानं गाडी चालू केली. काही ऐकू आलं नाही. मी म्हणालो, "चालू करा ना." तो म्हणाला, "चालूच हाय." कानाशी हात नेल्यावर आतून एक बारीक उसासा आल्यासारखा वाटला. गाडीचं नाक कायमचं चोंदलं होतं. सगळं उलटं करून द्या म्हणालो, तर जुना सायलेन्सर सकाळीच भंगारवाला घेऊन गेला होता. जगननं माझा पडलेला चेहरा पाहिला आणि समजूत घातली, "मॅडम खूश होतील, साहेब."

वडखळच्या नाक्यावर पोलिसानं हात केला. मी काच खाली करून फाईल काढली. तो मागे जाऊन वाकला, वाटी बोटानं टिचकी मारून वाजवली, आणि गाडीच्या बाजूनं माझ्यापर्यंत चालत आला. आवाजाचा गुन्हा नव्हता. बाकीच्याला काय नाव द्यावं हे त्याला सुचत नसावं. "जावा," तो म्हणाला.

खरी परीक्षा भिसे खिंडीत झाली. चढ लागला आणि चौथ्याचा तिसरा, तिसऱ्याचा दुसरा, दुसऱ्याचा पहिला झाला. त्यानंतर गिअर उरला नाही. बाजूनं एक म्हातारा डोक्यावर पेंढ्याचा भारा घेऊन चढत होता. तो माझ्या खिडकीशी आला आणि तिथेच राहिला, कारण आमचा वेग एकच होता.

"रोह्याला का?" त्यानं विचारलं.

"हो."

"म्या गुणाजी. खिंडीपल्याड माझा गुरांचा वाडगा हाय. बसू का?"

"नको हो. वजन पेलायची नाही ती."

"व्हय, दिसतंय." आम्ही थोडा वेळ बरोबर चाललो. "किती घोड्यांची हाय?"

सवयीनं मी म्हणालो, "एकशे तीन."

गुणाजीनं भारा जरा सावरला. "माझ्या इहिरीवर पाच घोड्यांची मोटर हाय," तो म्हणाला. "दीड एकर भिजवते." त्याचा मला टोचायचा इरादा नव्हता. त्याला फक्त दोन आकड्यांचा मेळ लागत नव्हता, आणि खरं सांगायचं तर सत्तावीस वर्षं आकडे लिहून मलाही लागत नव्हता. वळणावर त्यानं पायवाट धरली आणि माझ्याआधी वर पोचला.

वरशाला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. इमारतीखाली वृंदा, शकूताई आणि बाबाजी मास्तर उभे होते. शकूताईंच्या हातात नारळ होता. हैबतराव गॅलरीतून कान लावून होते, ते म्हणाले, "आवाज नाय. ढकलत आनली का?" वर तिसऱ्या मजल्यावर, आमच्या पूर्वेच्या भिंतीत, एक सुरेख गोल भोक दिसत होतं.

वृंदानं मागच्या सीटवर पाहिलं. मग डिकी उघडून पाहिली. "खोका कुठाय हो?"

येताना सगळी वाट मी वाक्यं जुळवत आलो होतो. दुकान बंद होतं, माल संपला होता, सोमवारी येणार आहे. त्यांतलं एकही बाहेर पडेना. मी गाडीच्या मागे बोट दाखवलं आणि म्हणालो, "वृंदा, मी गाडीचा एक्झॉस्ट म्हणत होतो. पहिल्यापासून. तुझं बोलणं मला कळलंच नाही."

मास्तर म्हणाले, "म्हणजे ठराव..." शकूताईंनी नारळ पदराआड घेतला. वृंदा गाडीच्या मागे गेली आणि उकिडवी बसली. तिनं जाळीवरून बोट फिरवलं, वाटी हलवून पाहिली. ती चिडेल असं मला वाटलं होतं, चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बघत राहिली, आणि तीन आठवडे तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते हळूहळू उतरून गेलं. ते मी उभ्या उभ्या पाहिलं.

"आवाज करतो का?" तिनं विचारलं.

"नाही. अजिबात नाही."

"दोनदा बजावलं होतं मी त्याला. तुमची रात्रपाळी असते. तुम्ही दिवसा झोपता आणि मी इकडे तळण काढते, घूं घूं नको व्हायला." ती उठली, हात झटकले. "काम चांगलं केलंय त्यानं," असं म्हणाली आणि जिना चढून गेली.

मी हैबतरावांकडून पाना मागून घेतला. ते काही न विचारता खाली आले आणि आम्ही दोघांनी मिळून तो कर्णा सोडवला. तापला होता, म्हणून गोणपाटात गुंडाळून मी तो तीन जिने वर नेला. स्वयंपाकघरात जनूनं पाडलेला चुना अजून ओट्यावर होता. वृंदा तो ओल्या फडक्यानं पुसत होती. मी स्टुलावर चढलो आणि कर्णा भोकात घातला. जाळी बाहेर, पूर्वेला तोंड. माप तिचंच होतं, ते चपखल बसलं. माझ्या मनात कुठेतरी आशा होती की ती आता हसेल.

तिनं मान वर करून पाहिलं. "यात पंखा नाहीये," ती म्हणाली.

मी खाली उतरलो. गाडीची किल्ली घ्यायचा प्रश्नच नव्हता. वरशाहून रोह्याच्या बाजारपेठेपर्यंत चालत गेलो, आणि वाटेत पहिल्यांदाच बारा दिवाळ्या मोजून पाहिल्या. एकेका दिवाळीत किती फराळ तळला गेला, तेही. मोजायला नको होतं असं वाटलं, पण सवय वाईट. विजेच्या सामानाच्या दुकानात पोचलो तेव्हा दुकानदार शटर ओढण्याच्या बेतात होता.

"एक्झॉस्ट पाहिजे," मी म्हणालो. "नऊ इंची. सगळ्यात कमी आवाजाचा."

तो शिडी लावून माळ्यावर चढला आणि वरूनच विचारलं, "किचनचा का बाथरूमचा?"

मी खालून शिडी धरली.

"वृंदाचा," मी म्हणालो.

त्यानं शिडीवरून एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्यानं नऊ इंचीचा खोका खाली दिला.